वॉल्टरसाहेबांचा दिनविशेष

कालिंदीबाई देवकुळे यांचं एक ठाम मत होतं. जगात असा माणूस जन्मालाच आलेला नाही, जो दिनविशेषाने विरघळत नाही!

हे मत काही हवेतून पडलेलं नव्हतं. नाशिकच्या शाळेत चौतीस वर्षं रोज सकाळी फाटकाजवळच्या फळ्यावर त्यांनी दिनविशेष लिहिला होता. आज कोण जन्मलं, आज कोण गेलं, आज जगात काय घडलं. खडू पाण्यात बुडवून लिहायच्या, म्हणजे अक्षर वाळल्यावर मोत्यासारखं उठून दिसतं. १९७८ साली शाळेच्या चुका काढायला एक शिक्षणाधिकारी आले होते. कारल्याचा रस पिऊन गाडीत बसल्यासारखं तोंड! पण फळ्यापाशी थबकले. त्यांच्या गावच्या नदीवरचा पूल बरोबर त्याच तारखेला खुला झाला होता, आणि बाईंनी ते शोधून लिहिलं होतं. "या पुलावर माझे वडील मुकादम होते," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. तपासणी राहिली बाजूला! दोन कप चहा, चार भजी, आणि शेरा 'उत्तम'.

निवृत्तीनंतर फळा गेला, पण वही राहिली. एका तारखेला एक पान, अशी तीनशे सहासष्ट पानांची जाडजूड वही. दोह्याला मुलाकडे राहायला येताना बाईंनी लोणच्याची बरणी नाशकात ठेवली आणि वही आणली. त्यांच्या दृष्टीने हा मोठाच त्याग होता. आता अल हिलालमधल्या फ्लॅटमध्ये त्या फ्रिजवरच्या छोट्या पांढऱ्या पाटीवर दिनविशेष लिहीत. बारा वर्षांची नात ईश्वरी दूध काढता काढता वाचायची आणि म्हणायची, "कूल, आजी." फ्रिजसमोर उभं राहून कूल म्हणणं यात काही विशेष नाही, असं बाईंना वाटे. पण तेवढाच एक वाचक उरला होता.

तर २०१९ सालच्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, मुलगा शौनक ऑफिसातून आला तो थेट सोफ्यावर कोसळला.

"काय झालं रे?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"आई, मी, फ्लॉइड, श्रीपती, आम्हा तिघा सेक्शन इंजिनिअरांपैकी एकालाच ठेवणार आहेत. फुटबॉलचा वर्ल्ड कप होईपर्यंत. बाकीचे दोघे डिसेंबरात घरी."

शौनकची कंपनी स्टेडियम गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पाइपलाइनी टाकत होती. गावभर रस्ते खणलेले, क्रेन उभ्या, काल होता तो रस्ता आज नाही. सगळं शहर लग्नघरासारखं झालेलं, आणि नेमकं याच वेळी आचाऱ्याला घरी जा म्हणायचं!

"आणि ठरवणार कोण?" सून नयनाने हातातली करंजी तशीच ठेवली.

"वॉल्टर. सोमवारी सांगतो म्हणाला."

वॉल्टरसाहेब म्हणजे शौनकचे अमेरिकन प्रोजेक्ट मॅनेजर. बाईंनी त्यांना एकदाच पाहिलं होतं. ओलं असताना कुणीतरी आकार दिलेला आणि मग तसाच वाळून गेलेला, अशा सिमेंटच्या चेहऱ्याचा माणूस. सात वर्षांत हसल्याची नोंद नव्हती.

"माय स्कूल, बाबाज जॉब," ईश्वरी पुटपुटली. "आय डोन्ट वॉन्ट टू चेंज स्कूल इन द मिडल ऑफ द इयर." तिचे डोळे भरले होते.

"सोमवारी तारीख काय?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठावीस. वाढदिवस आहे त्याचा. ऑफिसातला नॉर्मन सांगत होता. पण केकसुद्धा कापू देत नाही."

कालिंदीबाई उठल्या. वही काढली. अठ्ठावीस ऑक्टोबरचं पान उघडलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर १९७८ सालचं तेज आलं.

"शौनक, तुझी नोकरी राहिली असं समज!"

"आई, नको," शौनक म्हणाला. त्याचं बालपण त्याच शाळेत गेलं होतं.

पण बाई कुठल्या ऐकतात! पुढचे दोन दिवस घरात लक्ष्मीपूजनापेक्षा अमेरिकेची तयारी जास्त झाली. अठ्ठावीस ऑक्टोबर ही तारीखच मुळी अमेरिकेवर प्रसन्न होती. १८८६ साली न्यूयॉर्कच्या बंदरातल्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचं लोकार्पण झालं ते याच दिवशी. १९६५ साली सेंट लुईस शहरातल्या त्या प्रचंड चकचकीत पोलादी कमानीचा शेवटचा तुकडा बसला तोही याच दिवशी. ईश्वरीने इंटरनेटवरून आणखी शोधून काढलं.

"आजी, हंड्रेड इयर्स अगो, सेम डे, अमेरिकेत दारू बॅन झाली!"

"वा! बरोबर शंभर वर्षं! हे तर मोठ्या अक्षरात..."

"आई, त्याच्या वाढदिवसाला दारूबंदीची शताब्दी नको," शौनक हात जोडून म्हणाला. तेवढं एक त्याचं ऐकलं गेलं.

आणि जन्म? जोनास साल्क! पोलिओची पहिली लस शोधणारे डॉक्टर. जन्म अठ्ठावीस ऑक्टोबर १९१४. हे नाव लिहिताना बाईंचा हात जरा थांबला. त्यांचा धाकटा भाऊ अनंता १९५२ साली तापाने फणफणला आणि उठला तो एक पाय कायमचा गमावून. लस निघाली तीन वर्षांनी, आणि आपल्याकडे पोचली त्याहून कितीतरी उशिरा. अनंताने जन्मभर कुबडीवर टपालखात्यात नोकरी केली, आणि लस टोचून घेताना भोकांड पसरणाऱ्या प्रत्येक पोराला तो म्हणायचा, "रड, रड, पण पळू नकोस." या डॉक्टरला हार घालायची बाईंची फार वर्षांची इच्छा होती.

अशी सगळी जुळणी झाली. पांढऱ्या कार्डबोर्डवर ठसठशीत इंग्रजीत मथळा: 'अठ्ठावीस ऑक्टोबर: आज आपण स्मरण करूया'. खाली चार चौकटी. पुतळा, १८८६. कमान, १९६५. डॉक्टर साल्क, पांढऱ्या कोटात, १९१४–१९९५. आणि मधोमध नॉर्मनकडून मागवलेल्या पासपोर्ट फोटोवरून मोठे करून घेतलेले खुद्द वॉल्टरसाहेब. खाली: १९५५–.

"आजी, व्हाय धिस डॅश?"

"अगं, साल्कांना आहे ना! फळा सारखा दिसायला हवा."

प्रत्येक चौकटीखाली चिकटवायच्या माहितीच्या इंग्रजी पट्ट्या ईश्वरीने छापल्या. समोर ठेवायला एक छान वही, शुभेच्छा लिहायला. पहिली शुभेच्छा शौनकनेच लिहावी असा बाईंचा आग्रह. शौनक पेन चावत बसला आणि शेवटी त्याने लिहिलं: 'हॅपी बर्थडे सर. चेंबर नऊच्या ड्रॉइंगवर आपली सही राहिली आहे.'

"ही शुभेच्छा आहे की तगादा?" बाई कडाडल्या.

"आई, खरंच राहिलीय गं!"

सोमवारी पाडवा. नयनाने पहाटे पाच वाजता शौनकला ओवाळलं, कारण साडेपाचला तो साइटवर निघायचा. मग सात वाजता सासू-सुना अल नस्रमधल्या ऑफिसात पोचल्या. वॉल्टरसाहेब सकाळी साइटवर, अकराला ऑफिसात, हा त्यांचा नियम. म्हणजे भरपूर वेळ!

रिसेप्शनच्या टेबलावर नयनाने पांढरीशुभ्र चादर अंथरली. फळा उभा केला. झेंडूचे चार हार. तीन बाईंनी स्वतःच्या हाताने घातले: पुतळ्याला, कमानीला आणि डोळे मिटून, अनंताच्या नावाने, साल्कांना. चौथा तबकात ठेवला.

"हा साहेबांच्या गळ्यात घालायचा. जिवंत माणसाच्या फोटोला कधी हार घालू नये!" त्या नयनाला म्हणाल्या. समई लावली, उदबत्ती लावली. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी.

"आई, पाडव्याला नवऱ्याला ओवाळतात हो," नयना हळूच म्हणाली.

"वाढदिवसाला आईही ओवाळते. मी त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी आहे. पट्ट्या काढ आता."

नयनाने पर्स उघडली. पर्स उलटी केली. पट्ट्या घरी, जेवणाच्या टेबलावर!

"वीस मिनिटांत आणते," म्हणून ती धावली. पण त्या दिवशी वर्ल्ड कपच्या कामासाठी आणखी एक रस्ता बंद झाला होता, आणि नयना पुढचे तीन तास बाणांमागून बाण बघत, एकाच मशिदीला पाच प्रदक्षिणा घालत फिरत होती, ते नंतर कळलं.

इकडे बाई करंज्या बशीत लावायला पँट्रीत गेल्या. पंख्याच्या वाऱ्याने समई विझेल म्हणून जाताना दार लावून घेतलं. आणि जहूर आला.

जहूर ऑफिसात चहा करायचा. मूळचा हैदराबादचा, स्वच्छतेचा भोक्ता, आणि कुठलीही गोष्ट अर्धवट दिसली की त्याच्या जिवाला चैन पडत नसे. त्याने टेबल पुसायला फडकं उचललं आणि पाहिलं: चार फोटो, तिघांना हार, चौथा हार खाली तबकात पडलेला. "अम्माजी बिचारी बूढी हैं, भूल गईं," असं म्हणून त्याने तो उचलला आणि वॉल्टरसाहेबांच्या फोटोला नीट, दोन्ही बाजू समान करून घातला. मग फडकं घेऊन पुढच्या खोलीत गेला. एवढंच!

साडेआठला नॉर्मन आला. नॉर्मन वसईचा, प्रशासनातला अधिकारी. वीस वर्षं फॉर्म तपासून तपासून त्याची नजर अशी झाली होती, की आभाळाकडे पाहिलं तरी तो रिकामा रकाना शोधायचा. तो दारातून आत आला आणि त्याचे पाय जमिनीला खिळले.

पांढरी चादर. समई. उदबत्ती. साहेबांच्या फोटोला हार. डोक्यावर 'आज आपण स्मरण करूया'. एका बाजूला पुतळा, म्हणजे साहेबांचा देश. दुसऱ्या बाजूला आभाळात चढत गेलेली रुपेरी कमान, म्हणजे उघडच स्वर्गाचं दार. आणि शेजारी पांढऱ्या कोटातला, गंभीर चेहऱ्याचा डॉक्टर!

नॉर्मनने छातीवर क्रूस काढला. मग त्याची नजर खाली गेली. '१९५५–'. पुढे रिकामं! दुःखातसुद्धा सवय सुटत नाही. त्याने खिशातलं मार्कर काढलं आणि रकाना पूर्ण केला: २०१९.

डोळे पुसत तो पँट्रीच्या दाराशी आला. कालिंदीबाई करंज्यांचा मनोरा रचत होत्या.

"आंटी... फळा बघितला. कशाने गेले?"

फळ्यावर गेलेला माणूस एकच. बाईंनी करंजी न हलवता उत्तर दिलं, "हृदय बंद पडलं."

"जीजस! आणि आम्हाला पत्ता नाही!"

"कसा असणार? आजकाल कोण कुणाची आठवण ठेवतो? पण माणूस देव होता हो, नॉर्मनराव. लाखो मुलांना त्याने पायावर उभं केलं!"

"लाखो?" नॉर्मनने विचारलं. "आमचे साहेब?"

"सगळ्यांचेच साहेब ते. आणि एक पैसा घेतला नाही! हक्क विकून करोडो मिळवता आले असते, म्हणाले, नको. माझ्या भावाला वेळेवर भेटले असते, तर..." बाईंनी पदराने डोळे टिपले.

"आम्हाला कधी एक शब्द बोलले नाहीत!"

"मोठी माणसं बोलत नाहीत."

"आणि मी," नॉर्मन आता हुंदक्यावर आला होता, "मागच्याच आठवड्यात त्यांचा रजेचा फॉर्म परत पाठवला, आंटी! तारीख नव्हती म्हणून!"

हे मात्र कालिंदीबाईंना नीट जुळलं नाही. पण वसईची माणसं हळवी असतात, असं मनाशी म्हणून त्यांनी त्याच्या हातात एक करंजी ठेवली. नॉर्मनने ती प्रसादासारखी कपाळाला लावली आणि तो धावत आपल्या टेबलापाशी गेला.

पुढच्या वीस मिनिटांत त्याने जी ईमेल लिहिली, तशी त्या कंपनीत पूर्वी कुणी लिहिली नव्हती. 'हृदयविकाराच्या झटक्याने', 'लाखो बालकांचा मूक आधार', 'पैशाला न शिवलेला संत'. साइटला, स्टोअरला, इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या कॅम्पला आणि समुद्राकाठच्या मनोऱ्यातल्या हेड ऑफिसला, सगळ्यांना एकदम! वॉल्टरसाहेबांचा फोन लावून बघावा, असं रिसेप्शनवरच्या लवीनाला सुचलं. लावला. 'संपर्क होऊ शकत नाही.' ती ओक्साबोक्शी रडायला लागली.

संपर्क कसा होणार? साहेब आणि शौनक जमिनीखाली सहा मीटर, चेंबर नंबर नऊमध्ये, एका व्हॉल्व्हवरून भांडत होते.

साडेनऊपर्यंत रिसेप्शन भरलं. दहापर्यंत जिना भरला. इंडस्ट्रियल एरियातून कंपनीच्या दोन बसेस आल्या आणि निळ्या कपड्यांतले शंभर कामगार टोप्या काढून शिस्तीत रांगेत उभे राहिले. उंची पाच फुटांना दोन इंच कमी, त्यामुळे पँट्रीतून बाहेर आलेल्या कालिंदीबाईंना फक्त पाठी दिसल्या. पाठी, झुकलेल्या माना, आणि वहीत लिहायला लागलेली रांग!

बाईंचा ऊर भरून आला. चौतीस वर्षांत एकाही वर्गाने दिनविशेष इतका मन लावून वाचला नव्हता! कुणीतरी पाहिजे होतं हे बघायला.

"दोन मिनिटं शांतता!" नॉर्मनने हिंदीत घोषणा केली.

वा! मुख्याध्यापकांनासुद्धा कधी सुचलं नाही हे! बाई हात बांधून, मान ताठ करून उभ्या राहिल्या. शांततेत लवीनाचा हुंदका आला. साल्कसाठी इतकी रडतेय मुलगी? घरात कुणाला पोलिओ झालेला दिसतोय, बिचारी.

शांतता संपायला आली, तेवढ्यात काचेचं दार उघडलं.

धुळीने माखलेले, हेल्मेट काखेत, घामाने निथळणारे वॉल्टरसाहेब दारात उभे होते. मागे शौनक. दोघे चेंबरातून वर आले, तेव्हा साइट सामसूम होती. एकटा चौकीदार होता, आणि जमिनीतून वर येणारे साहेब पाहून तो चहाचा पेला टाकून जो पळाला, तो अजून सापडला नव्हता.

सगळं रिसेप्शन गोठलं. जहूरच्या हातातला ट्रे खाली पडला, आणि तो आवाज विरल्यावर साहेबांनी विचारलं, "कुणी वारलंय का?"

प्रशासनाची जबाबदारी म्हणून नॉर्मन पुढे झाला.

"सर... तुम्ही."

रांग आपोआप दुभंगली, आणि पाठी बाजूला झाल्यावर कालिंदीबाईंना प्रथमच फळा दिसला. फोटोला हार! खाली २०१९! दुसऱ्याच क्षणी सगळा पाढा त्यांच्या डोक्यात उलगडला, नॉर्मनची करंजी, लवीनाचा हुंदका, दोन मिनिटं शांतता, सगळं! मुलाची नोकरी त्यांनी स्वतःच्या हाताने, समई लावून, विसर्जित केली होती!

"आई," शौनक म्हणाला, "तू काय केलंस?"

"मी फक्त कडेचे तीन हार घातले रे," बाई क्षीण आवाजात म्हणाल्या.

वॉल्टरसाहेब फळ्यापाशी गेले. स्वतःचा फोटो त्यांनी पाहिलाच नाही. ते कमानीपुढे उभे राहिले.

"हे कुणी लावलं?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "मी," बाई म्हणाल्या, आणि शाळेतलं सगळं इंग्रजी गोळा करून त्यांनी सांगितलं, की आजचीच तारीख. आजच शेवटचा तुकडा बसला.

"मला माहीत आहे," साहेब म्हणाले. "मी तिथे होतो. त्या दिवशी मी दहा वर्षांचा झालो. वडिलांनी कामावर दांडी मारून मला बघायला नेलं. उन्हाने कमानीचा एक पाय फुगला होता, तुकडा बसत नव्हता. आगीच्या बंबांनी पाणी मारून मारून तो पाय गार केला, तेव्हा कुठे बसला. वडील म्हणाले, बघ, गार पाण्याची किंमत! घरी गेलो तोवर केक संपला होता. चाळीस वर्षं पाइपांतून गार पाणीच नेतोय."

बाईंना वाटलं, आता चष्मा पुसणार. पण साहेबांनी वही उचलली आणि वाचायला सुरुवात केली. एक पान, दोन पानं, तीन. आणि मग तो सिमेंटचा चेहरा हलला. आधी एक चीर गेली, मग दुसरी, आणि साहेब असे हसायला लागले, की हेल्मेट काखेतून निसटून घरंगळत जिन्यापर्यंत गेलं! सात वर्षांची थकबाकी एकदम वसूल!

"नॉर्मन, हे बघ! फ्लॉइड लिहितो, मी त्याला मरण्यापूर्वी तोंडी मुदतवाढ दिली होती. श्रीपती लिहितो, त्यालाही दिली होती. स्टोअरकीपर लिहितो, मी त्याला माझी गाडी देणार होतो! मेल्यावर मी किती उदार झालो! आणि ही लाखो मुलं कुठली?"

नॉर्मनने जमिनीत शिरायला जागा शोधली. साहेबांनी वहीचं पहिलं पान उलटलं.

"आणि हा एकटाच. 'चेंबर नऊच्या ड्रॉइंगवर सही राहिली आहे.'" त्यांनी शौनककडे पाहिलं. "मी मेलो तरी सुट्टी देणार नाहीस तू?"

"सर, ते मी आधी लिहिलं होतं," शौनक प्रामाणिकपणे म्हणाला.

"तेच म्हणतोय. आण ते ड्रॉइंग. आणि तुझ्या मुदतवाढीचं पत्रही आण. दोन्हींवर एकदमच सही करतो."

कालिंदीबाईंनी निरांजन उचललं आणि साहेबांना तिथल्या तिथे ओवाळून टाकलं. शंभर कामगारांनी टाळ्या वाजवल्या. करंज्या संपल्या. नयना पट्ट्या घेऊन धापा टाकत आत आली आणि म्हणाली, "उशीर नाही ना झाला?"

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दुपारी दोन वाजता हेड ऑफिसातून पत्र परत आलं.

"खलास!" नॉर्मन म्हणाला. सही करणारी व्यक्ती दिवंगत असल्यामुळे सदर मुदतवाढ ग्राह्य धरता येत नाही! पगारवाढीला आठ महिने लावणाऱ्या हेड ऑफिसने वॉल्टरसाहेबांचं नाव तासाभरात यादीतून काढलं होतं. त्यांचं कार्ड लिफ्टला लागेना. ईमेल बंद. साहेबांनी फोन केला, "मी वॉल्टर बोलतोय." पलीकडून अतिशय सहानुभूतीने उत्तर आलं, की कृपया मृत्यूच्या नोंदीबाबत लेखी कळवावं.

"पण मी जिवंत आहे!" साहेब ओरडले.

"ओरडून उपयोग नाही," कोपऱ्यातून आवाज आला. कालिंदीबाई! आता त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज होतं, कारण हा विषय त्यांना पाठ होता. "साहेब, आपण जिवंत आहोत हे आपल्याला माहीत असून चालत नाही. मी दर नोव्हेंबरात सिद्ध करते, तेव्हा पेन्शन येते. हयातीचा दाखला लागतो!"

पर्समध्ये त्यांचा स्वतःचा कोरा फॉर्म होताच. पुढच्याच आठवड्यात वकिलातीत जायचं होतं. त्यावरून नॉर्मनने इंग्रजी मसुदा केला. 'प्रमाणित करण्यात येते की सदर इसम आज रोजी माझ्यासमक्ष हजर असून हयात आहे.' साक्षीदार: कालिंदी देवकुळे, निवृत्त शिक्षिका. नॉर्मनने प्रत्येक रकाना तीनदा तपासला. या वेळी तारीख आधी टाकली! वॉल्टरसाहेबांनी हयातीवर सही केली, आणि पेन खाली ठेवताना म्हणाले, "मॅडम, दर वर्षी करावं लागतं हे?"

"जिवंत आहोत तोवर," बाई म्हणाल्या.

हेड ऑफिसने मान्य केलं. जिवंत व्हायला मात्र नऊ दिवस लागले. तेवढे दिवस साहेब जिन्याने चढले. पण शौनकचं पत्र आलं, आणि ईश्वरीची शाळा वाचली.

पत्र आलं त्या रात्री जेवणं झाल्यावर बाईंनी वही काढली. अठ्ठावीस ऑक्टोबरच्या पानावर पुतळा, कमान, डॉक्टर साल्क यांच्याखाली त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात भर घातली: 'जन्म: श्री. वॉल्टर, अभियंता, १९५५–'.

ईश्वरी मागून वाचत होती. आणि आयुष्यात प्रथमच आजीशी सबंध वाक्य मराठीत बोलली.

"आजी, तू परत डॅश दिलास!"

कालिंदीबाई दचकल्या. खोडरबर घेतलं, पण शाईच ती. घासून घासून कागद विरायला आला, डॅश हलेना. शेवटी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, नयना भांडी आवरत होती, शौनक फोनवर होता, आणि त्यांनी हळूच पेन उचलून त्या डॅशच्या टोकाला पाच पाकळ्या काढल्या.

"हा डॅश नाही," त्या म्हणाल्या. "झेंडूचा देठ आहे."